टस्कनीतून वाइन आणि ऑलिव्ह तेल आणायचंय. हे बायोडायनॅमिक म्हणजे नक्की काय, आणि खरा छोटा शेतकरी ओळखायचा कसा?

स्टुटगार्टचा_सदा

नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टला राहतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पोरांना सुट्टी आहे तर गाडी काढून टस्कनीला जायचं ठरलंय, फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधला तो कियांतीचा पट्टा, पाच दिवस. आई पुण्याहून आलीये तीन महिन्यांसाठी, ती पण बरोबर.

तर आम्ही एरवी सुपरमार्केटमधून हिरव्या पानाचा बायो लोगो बघून जी ऑफरमध्ये असेल ती वाइन उचलतो, तेलाचं पण तसंच. या वेळी म्हटलं थेट शेतकऱ्याकडूनच वर्षाचं भरून आणू, बारा-पंधरा बाटल्या आणि पाच-सात लिटर तेल. म्हणून नेटवर बघायला बसलो आणि डोकं फिरलं. एक म्हणतो बायो, दुसरा म्हणतो बायोडायनॅमिक, तिसरा नॅचरल, आणि चौथ्याच्या साइटवर तर गाईच्या शिंगात शेण भरतानाचा फोटो. बायकोला दाखवला तर म्हणाली याच्यासाठी इटलीला कशाला, माझ्या मामाच्या गोठ्यात चल.

पण खरंच विचारतोय, या शिंगवाल्या वाइनला पाच-सात युरो जास्त द्यावेत का? बायकोला रेड वाइननं डोकं दुखतं, तिला कोणीतरी सांगितलंय की ते वाइन टिकवायला घालतात त्या गंधकाच्या सल्फाइटमुळं आणि बायोमध्ये सल्फाइट नसतं, हे खरं का? आणि छोटा शेतकरी म्हणजे नेमका कसा ओळखायचा, कारण लेबलवर तर सगळ्यांच्याच जुनं दगडी घर आणि सायप्रसची झाडं असतात. तेलातलं तर आम्हाला काहीच कळत नाही. हिरवं म्हणजे चांगलं एवढंच माहीत.

तासगावचं_पाणी

सदाभाऊ, आमचं माळकरी घर, वाइनला कुणी हात लावत नाही, पण द्राक्षाचा विषय निघाला की गप्प बसवत नाही. तासगावजवळ तीन एकर बाग आहे, थोडा खायचा माल, बाकी बेदाणा.

सेंद्रिय द्राक्षवाला भेटला की पहिला प्रश्न एकच विचारायचा, डावण्याचं काय करता? तुमच्या इटलीत त्याला पेरोनोस्पोरा म्हणतात, रोग तोच. दोन दिवस झिमझिम, सकाळी दव, की पानाच्या मागं पांढरी लव आलीच, आणि घडात शिरली तर घड गेला. आम्ही काय करतो तर आंतरप्रवाही, म्हणजे वेलीत भिनणारं औषध मारतो आणि निदान आठवडाभर झोपतो. सेंद्रियवाल्याला ते चालत नाही. त्याच्या हातात मुख्य म्हणजे भुरी या दुसऱ्या बुरशीला गंधक आणि डावण्याला तांबं, म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. हे नाव फ्रान्सातल्या बोर्डोवरनंच पडलंय. तिकडं रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारायचे, मिलार्दे म्हणून एक प्राध्यापक होते त्यांच्या लक्षात आलं की रोगात तगल्या त्या ह्याच वेली, मग १८८५ साली त्यांनी ते छापलं. म्हणजे चोरांच्या भीतीनं सापडलेलं औषध आज आमच्या दर बागेत आहे.

तर सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही हे पहिलं डोक्यातनं काढा. उलट बोर्डो पावसानं धुऊन जातं म्हणून पावसाळी वर्षात सेंद्रियवाल्याचा ट्रॅक्टर जास्त फिरतो. आणि तांबं मातीत साठून राहतं, गांडुळाला बरं नाही, म्हणून युरोपात हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो तांबं एवढीच मुभा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४. पाऊस लागून राहिला तर एवढ्यात भागवायचं म्हणजे जीव टांगणीला. २०२३ ला मध्य आणि दक्षिण इटलीत तसंच झालं, डावण्यानं बागाच्या बागा गेल्या आणि सेंद्रियवाले जास्त मार खाल्ले. तुम्ही तिथं गेल्यावर सहज विचारा, २०२३ ला किती माल निघाला? ज्यानं खरंच नियम पाळला त्याला ते वर्ष दिवसानिशी आठवत असणार. "छान होतं" म्हणाला तर दुसरीकडं बघा.

सर्टिफिकेटला मात्र नावं ठेवू नका. २०१० ला सीसीसी म्हणून वेलीची वाढ रोखायचं औषध आहे, त्याच्या अंशावरनं युरोपानं आपले कंटेनर अडवले होते, तेव्हापासनं रेसिड्यूचा रिपोर्ट म्हणजे काय हे इथल्या पोरासोरांना कळतं.

शिंगाचं म्हणाल तर आमच्याकडं पण दोघंतिघं शिंगखत करतात. दसऱ्याच्या सुमाराला पुरतात, गुढीपाडव्याच्या आसपास काढतात. माती भुसभुशीत झाली म्हणतात, झाली पण असेल, पण तीच माणसं गाडीनं शेणखत टाकतात, ताग गाडतात, मग शिंगानं झाली का शेणखतानं हे कोण सांगणार.

रसायन_काका

तासगावकर, जिओ. शिंगाबद्दल माझे दोन पैसे.

बायोडायनॅमिकचं मूळ म्हणजे रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन तत्त्वचिंतकानं १९२४ साली कोबरविट्झ गावी दिलेली आठ व्याख्यानं, ते गाव आज पोलंडमध्ये आहे. गृहस्थ स्वतः शेतकरी नव्हते आणि पुढच्याच वर्षी वारले, त्यामुळे पुढचं सगळं शिष्यांनी उभं केलं. तुम्ही पाहिला तो फोटो ५०० नंबरच्या प्रेपरेशनचा, म्हणजे शेण शिंगात भरून हिवाळाभर पुरायचं, मग चिमूटभर पाण्यात तासभर ढवळायचं, एकदा या दिशेनं भोवरा आणि एकदा उलट, आणि शेतावर शिंपडायचं. ५०१ मध्ये शेणाऐवजी गारगोटीची पूड. शिवाय चंद्र कुठल्या राशीत आहे ते बघून छाटणी आणि तोडणी. आपल्याकडे पंचांग बघणाऱ्यांना हसणारे लोक हेच इटालियनमध्ये ऐकलं की माना डोलावतात याची मला भारी गंमत वाटते.

जर्मनीतच गाइझेनहाइमला २००६ पासून रीस्लिंगच्या बागेत नेहमीची, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक अशा तिन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून बघितल्यात. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक दोन्हीत वाढ आणि उत्पन्न कमी निघालं, फळाच्या दर्जात ठळक फरक सापडला नाही. म्हणजे नुसत्या शिंगाचे पाच युरो मी देणार नाही. पण डेमेटर, म्हणजे बायोडायनॅमिकचं प्रमाणपत्र, त्याच्या शिक्क्यामागे बाकीच्या कडक अटी पण आहेत. युरोपच्या साध्या बायोमध्ये शेताचा एक भाग बायो आणि दुसरा नेहमीचा असं काही अटींवर चालतं, डेमेटरला अख्खं शेत बदलावं लागतं, आणि तळघरात वाइनमध्ये काय घालायचं याची यादीही बरीच आखूड. मी पैसे देईन ते त्याचे. आणि खरं सांगायचं तर जो माणूस पहाटे उठून तासभर बादली ढवळतो तो दिवसभर बागेत पण असतो, माझ्या मते निम्मी जादू तिथेच आहे.

आता वहिनींचं डोकं. बायोमध्ये सल्फाइट नसतं हे साफ चूक. युरोपात नेहमीच्या कोरड्या रेडला लिटरला १५० मिलिग्रॅम आणि व्हाइटला २०० ची मर्यादा आहे, बायोला १०० आणि १५०. कमी आहे, शून्य नाही. हे बायो वाइनचे नियमच २०१२ च्या हंगामापासून आले, त्याआधी लेबलवर फक्त "बायो द्राक्षांपासून केलेली वाइन" असं लिहिता यायचं, कारण तळघरासाठी नियमच नव्हते. अमेरिकेत वेगळं आहे, तिथं ऑरगॅनिक वाइन म्हटलं तर वरून सल्फाइट घालायचंच नाही, तिकडची माहिती वाचून इथले लोक गोंधळतात. आणि मुळात मर्यादा व्हाइटला जास्त आहे, मग डोकं रेडनंच का दुखतं? पिवळाधमक बेदाणा खाऊन दुखतं का ते विचारा, त्याला गंधकाची धुरी दिलेली असते, तासगावकर सांगतील. तो पचत असेल तर सल्फाइटवर आळ घेऊ नका. दमा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं सल्फाइटचा खरंच त्रास होतो.

तासगावचं_पाणी

धुरी असते. हिरवट-पिवळा रंग टिकतो म्हणून बाजार त्यालाच भाव देतो. धुरी न दिलेला काळपट निघतो, चवीला फरक नाही, पण मुंबईचं गिऱ्हाईक हात लावत नाही. आम्ही काय करणार.

अर्नोकाठची_मीना

अरे वा, आमच्याच भागात येताय. मी अकरा वर्षं फ्लॉरेन्सच्या बाहेर राहते, नवरा इथलाच, सासऱ्यांची ऐंशीएक ऑलिव्हची झाडं आहेत त्यामुळे दर नोव्हेंबरला आमची कंबर मोडते. वाइनचं थोडक्यात सांगते, मग तेलावर येते कारण लोक वाइनवर तासभर बोलतात आणि तेल जाता जाता घेतात.

छोटा शेतकरी म्हणजे द्राक्षं पण त्याची आणि बाटली पण त्यानंच भरलेली. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात "इंतेग्रालमेंते प्रोदोत्तो ए इंबोत्तिल्यातो" असं असेल तर सगळं त्याच घरचं. नुसतं "इंबोत्तिल्यातो दा" आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर त्यानं फक्त बाटली भरलीये, वाइन टँकरनं कुठूनही आलेली असू शकते. "इंबोत्तिल्यातो आल्लोरिजिने", म्हणजे मूळ जागीच भरलेली, हे चांगलंच, पण सहकारी संस्था पण ते लिहू शकते. दुसरी खूण, बाटलीच्या टोपीवर डोक्यावर क्रेट घेतलेल्या माणसाचं चित्र, ते फिवीचं म्हणजे स्वतंत्र द्राक्ष उत्पादकांच्या संघटनेचं, २००८ मध्ये स्थापन झालेली, तिथं विकतच्या द्राक्षांवर वाइन करणाऱ्याला प्रवेश नाही. बाटलीवरचा काळा कोंबडा मात्र छोट्याची खूण नाही हं, तो फक्त कियांती क्लासिकोचा, म्हणजे वाइन त्या जुन्या पट्ट्यातली आणि निदान ८० टक्के सांजोव्हेजे द्राक्ष, त्यात अवाढव्य कंपन्या पण आल्या. पान्झानो गावाकडे जा, तिथली बहुतेक बाग आता सेंद्रिय आहे, शेजारचा फवारेल आणि आपल्यावर उडेल ही भीती कमी. आणि न सांगता जाऊ नका, दोन दिवस आधी मेल टाका, रविवारी दुपारी तर कुणीच दार उघडणार नाही. छोट्यांमध्ये कितीतरी जण बायो पद्धतीनं करतात पण कागदपत्रांच्या कटकटीपायी सर्टिफिकेट घेत नाहीत, तिथं तासगावच्या दादांचा प्रश्न अगदी बेस्ट आहे, मी पण वापरणार.

आता तेल. पहिली गोष्ट, हिरवा रंग विसरा. तेलाचे परीक्षक मुद्दाम निळ्या काचेच्या पेल्यात चाखतात, रंग दिसू नये म्हणून. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे आम्लता ०.८ टक्क्याच्या आत आणि चाखणाऱ्यांच्या पॅनेलला एकही दोष न सापडलेलं. पण ही अगदी खालची पायरी झाली, सुपरमार्केटमधलं पण तेवढं पास असतं. आमच्या घरी ज्यावर भांडणं होतात ते म्हणजे तोडल्यापासून घाण्यावर जाईपर्यंत किती तास गेले. इथं त्या घाण्याला फ्रांतोयो म्हणतात. ऑलिव्ह क्रेटमध्ये पडून राहिले की आंबतात आणि तेलाला कुबट वास मारतो. सासरे त्याच रात्रीची वेळ लावतात, कधी पहाटे दोनची मिळते, मग आम्ही शाल गुंडाळून तिथं बसतो. शंभर किलो ऑलिव्ह दिले की बारा-चौदा लिटर तेल, पाऊस जास्त झाला असेल तर त्याहून कमी. लेबलवर "थंड काढलेलं" लिहायचं तर लगदा २७ अंशाच्या वर तापता कामा नये, जास्त तापवलं तर तेल जास्त सुटतं आणि वास उडतो. यावरून हिशेब करा, हातानं तोडायचं, रात्री पोचवायचं, बाटलीत भरायचं, असं टस्कनीचं तेल लिटरला पंधरा-वीस युरोच्या खाली देणारा माणूस काहीतरी लपवतोय.

लेबलवर बेस्ट बिफोरपेक्षा तोडणीचं वर्ष शोधा. बेस्ट बिफोर बाटली भरल्यापासून मोजतात, तेल त्याआधी टाकीत वर्षभर पडलेलं असू शकतं. आणि उगम वाचा. मी नवीन होते तेव्हा एका टुरिस्टांच्या गावातल्या दुकानातून फार सुंदर बाटली घेतली, वर टस्कन टेकड्यांचं चित्र, घरी सासूबाईंनी चष्मा लावून मागे वाचलं, "युरोपियन युनियनमधल्या तेलांचं मिश्रण". बाई काही बोलल्या नाहीत, बाटली नुसती दिव्याच्या कपाटात ठेवून दिली. अजून तिथंच आहे.

तुम्ही अगदी बरोबर वेळेला येताय, ऑक्टोबरच्या शेवटी नवीन तेल निघायला लागतं. कुठल्याही फ्रांतोयोच्या दारात उभं राहा, भाजलेल्या पावावर लसूण घासून वर नवीन तेल ओततात, त्याला फेत्तुंता म्हणतात, नक्की खा. घशात झोंबेल, खोकला येईल. घाबरू नका, ते तेलातल्या ओलिओकँथल नावाच्या द्रव्यामुळं, २००५ साली संशोधकांनी दाखवलं की त्याचं शरीरातलं काम आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीसारखं आहे. खोकला हीच ताज्या तेलाची पावती. गाळलेलं घ्या, न गाळलेलं ढगाळ तेल फोटोत छान दिसतं पण तळाशी गाळ बसून लवकर बिघडतं.

आणि बुंध्याशी तीन-चार खोडं एकत्र फुटलेली झाडं दिसली की समजा १९८५ च्या जानेवारीतली थंडी. त्या महिन्यात इथली बहुतेक ऑलिव्ह गोठून मेली होती, लोकांनी खोडं कापून टाकली, मग मुळातून नवीन फुटवे आले. सासरे अजून त्या महिन्याबद्दल मृत्यूच्या बातमीसारखं बोलतात.

पुणेरी_पाटी

एवढं महाग तेल घेऊन फोडणीत मोहरी तडतडवणाऱ्यांचा जाहीर निषेध.

(चालतं तशी फोडणी, तेल काही लगेच जळत नाही, पण ज्या वासाचे पैसे दिले तो किचनच्या चिमणीतून बाहेर जातो. कच्चं घ्या. आपल्याकडे लसणीच्या चटणीवर कच्चं तेल घेतोच की.)

अजून एक, स्वित्झर्लंडमार्गे परत येऊ नका, तिथं माणशी ५ लिटर वाइनच करमाफ आहे. ब्रेनरवरून या, युरोपियन युनियनच्या आतल्या आत घरच्या वापराला ९० लिटरपर्यंत कुणी काही विचारत नाही. काकूंना भारतात नेता येईल ती २ लिटरच, म्हणजे दोन बाटल्या. तेल चेक-इन बॅगेत, डब्याचं तोंड टेपनं बंद करून आणि डबा दोन पिशव्यांत घालून. आमच्या एका नातेवाइकाच्या बॅगेत पैठणी होती. पुढचं सांगत नाही.

स्टुटगार्टचा_सदा

परवा परत आलो. सगळ्यांचे आभार, आणि तासगावदादांचे जरा जास्त.

तिघांकडे गेलो. पहिल्याकडे काचेचं टेस्टिंग रूम, मुलगी फाडफाड इंग्लिश, २०२३ चं विचारलं तर म्हणाली "एलिगंट व्हिंटेज". धन्यवाद म्हणून निघालो. दुसऱ्याकडे सर्टिफिकेट, डेमेटर, सगळं होतं, वाइन पण छान पण तीस युरोच्या पुढे, तिथून दोनच घेतल्या. तिसरं एक नवराबायको, साडेचार हेक्टर, कुत्र्यानं आमच्या टायरवर कार्यक्रम केला. त्याला तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये २०२३ विचारलं तर माणूस बोललाच नाही, हात धरून मागे टाक्यांपाशी घेऊन गेला. तीन टाक्या. एकीवर टकटक करून म्हणाला त्या वर्षी ही एकच भरली. मग फोनमध्ये पानांचे फोटो काढून दाखवले, पांढरी बुरशी, अगदी दादांनी लिहिलेली तशी. त्याला म्हटलं आमच्याकडे याला डावण्या म्हणतात, मोरचूद आणि चुना मारतात, तर गडी एवढा खूश झाला की बायकोला हाक मारून बोलावून घेतलं, भारतात पण पोल्तिल्या बोर्दोलेझे मारतात म्हणून. बायो सर्टिफिकेट आहे, शिंग नाही. विचारलं का नाही, तर म्हणाला गाय नाही. दहा बाटल्या घेतल्या, १६ युरोनं. बायकोनं दोन संध्याकाळी एकेक ग्लास रेड घेतली, एकदा डोकं दुखलं आणि एकदा नाही, त्यामुळे संशोधन चालू आहे.

तेल त्याच बाईकडून. त्यांचं आदल्याच दिवशी निघालेलं. तिनं ती फेत्तुंता दिली, आईनं घास घेतला आणि जो ठसका लागला की पाणी आणायला धावाधाव. आईचं पहिलं वाक्य, "यात मिरची घातलीये का रे?" मग तिला ते ओलिओकँथल समजावलं, तिला काही पटलं नाही, पण दुसरा तुकडा तिनं स्वतःच उचलला आणि म्हणाली हे आपल्या लसूण-भाकरीसारखंच झालं की, फक्त भाकरी बरी होती. काल घरी ज्वारीच्या पिठाची भाकरी, लाल चटणी आणि वरून हे तेल असं जेवलो. पाच लिटरचा डबा आणलाय, त्यातलं दोन लिटर आई नेणार म्हणते. शेजाऱ्यांना थोडं थोडं देणार का विचारलं तर म्हणाली, त्यांना ठसका लागेल.

अर्नोकाठची_मीना

हाहा, काकू आवडल्या! पाच लिटरचा डबा तसाच उघडा ठेवून वापरू नका, आत हवा शिरली की दोन महिन्यांत चव उतरते. आजच काळ्या काचेच्या छोट्या बाटल्यांत तोंडापर्यंत भरून टाका आणि एकेक उघडा. आणि काकूंना सांगा, पुण्यात गेल्यावर गॅसशेजारच्या फळीवर ठेवायचं नाही, खाली गव्हाच्या डब्यामागे ठेवायचं.